धामणीची अकरा अंडी आणि पाण्याचा हिशेब

मे महिन्याचा तिसरा आठवडा, पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा. घराच्या पायासाठी जेसीबीने जुना उकिरडा उपसताना दीड-दोन फुटांवर अंडी उघडी पडली. पांढरी, लांबट, मऊ चिवट कवचाची. दहा एकमेकांना चिकटून पुंजका झालेली आणि एक सुटं. जवळूनच धामण सरसरत निघून गेली. निम्मा उकिरडा आधीच ट्रॉलीत भरला गेला होता, जागा उरलीच नव्हती. गावातल्या सर्पमित्राने वनविभागाला कळवलं, वनरक्षकाने येऊन पंचनामा केला आणि पिल्लं त्याच परिसरात सोडायची या अटीवर अंडी सर्पमित्राच्या घरी गेली.

हे प्रकरण कुठल्या एका घरातलं नाही. उन्हाळ्यात सापडलेल्या अंड्यांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका पुंजक्याभोवती गोळा करून इथे मांडलं आहे. वजनं आणि मापं हिशेब नीट कळावा अशी घेतली आहेत.

कायद्याची बाजू आधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही येतं. त्यामुळे अंडी दिसली की उचलायची नाहीत. जागा टिकणार असेल तर माती परत लोटून वर पालापाचोळा टाकायचा आणि बाजूला व्हायचं. हाच सगळ्यात चांगला उपाय आहे, कारण धामणीने निवडलेल्या जागेइतका स्थिर ओलावा घरच्या डब्यात जमवणं कठीण असतं. जागा उद्ध्वस्तच झाली असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून परवानगी घ्यायची, मगच हात लावायचा. नागाची किंवा वारुळाजवळची कुठलीही अनोळखी अंडी घरी आणण्याचा तर विचारही करू नये. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हाच त्याच्याकडे विष आणि ते टोचण्याची क्षमता असते.

पहिले नऊ दिवस

घरी सात लिटरचा प्लास्टिकचा डबा होता. तापलेल्या खिळ्याने झाकणाला आणि बाजूंना मिळून वीस भोकं पाडली, प्रत्येक साधारण ५ मिलिमीटरचं. तळाशी ओली वाळू, वर कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा थर, त्यावर अंडी. डबा हॉलमध्ये पंख्याखाली ठेवला, ‘हवा खेळती राहावी’ म्हणून. आत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारा मीटर. त्यावर आर्द्रता ६८ ते ७५ टक्क्यांच्या मध्ये दिसायची. ती ८५ वर न्यायची म्हणून सकाळ-संध्याकाळ अंड्यांवर स्प्रेने पाणी मारलं जायचं. फवारा मारला की आकडा ९५ वर जायचा आणि दोन तासांत पुन्हा सत्तरीत यायचा.

सहाव्या दिवशी पुंजक्यातल्या वरच्या चार अंड्यांना खळगे पडले. म्हणजे पाणी कमी पडतंय असं समजून फवारे वाढवले. नवव्या दिवशी वरची अंडी आणखी चपटी दिसत होती, आणि खालच्या बाजूला, ओलीला टेकलेल्या एका अंड्यावर राखाडी बुरशी आली होती. सुटं अंडं पिवळं पडून आक्रसलं होतं.

एकाच डब्यात काही अंडी सुकत होती आणि काही कुजत होती. ‘आर्द्रता कमी की जास्त’ एवढ्याच भाषेत विचार केला तर याचा उलगडा होत नाही. वाळूत पाणी धरून ठेवण्याची ताकद फार थोडी असते. वरून मारलेलं पाणी कणांमधून खाली उतरतं, तळाशी साचतं आणि तिथल्या पोकळ्यांतली हवा बाहेर ढकलतं. वरचा थर मात्र पंख्याच्या वाऱ्याने तासाभरात कोरडा होतो. तळाला चिखल आणि माथ्याला उन्हाळा, अशी या डब्याची अवस्था होती. कोकोपीटही न धुता वापरलं होतं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये अनेकदा क्षार असतात, आणि क्षार असलेला ओलावा अंड्याला सहजी ओढून घेता येत नाही.

हायग्रोमीटरवर का विसंबू नये

या प्रकरणातला सगळा घोळ त्या छोट्या मीटरभोवती झाला, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

कोंबडीच्या अंड्याचं कवच टणक असतं आणि उबवणीच्या काळात त्यातलं पाणी कमी होत जातं. धामणीच्या अंड्याचं बरोबर उलट आहे. त्याचं मऊ कवच भोवतालच्या ओलाव्यातून पाणी आत घेतं, अंडं फुगतं, वजन वाढतं. ही वाढ पिल्लाला लागते. पाणी पुरेसं मिळालं नाही तर बलक नीट वापरला जात नाही आणि पिल्लू लहान राहतं किंवा आतच मरतं.

अंड्यातल्या द्रवात क्षार आणि प्रथिनं विरघळलेली असतात, त्यामुळे ते भोवतालचं पाणी ओढतं. पण ही ओढ हवेतल्या बाष्पाच्या हिशेबात फार किरकोळ आहे. अंड्याचं पाणी जिथे ना वाढेल ना घटेल, अशी हवा २९ अंश सेल्सिअसला साधारण ९९.४ टक्के दमट असावी लागते. त्याखालच्या कुठल्याही हवेत अंडं पाणी गमावतं. ९० टक्के आर्द्रता आपल्याला घामट वाटते, पण अंड्याच्या दृष्टीने ती कोरडी आहे. उघड्या भागातून पाणी जात राहतं आणि ओल्या माध्यमाला, म्हणजे अंडी ज्यात ठेवली त्या वाळू-भुशासारख्या भरीला, टेकलेल्या भागातून येत राहतं. या दोन्हींच्या वजाबाकीवर अंडं जगतं.

आता दुसरी बाजू. रोप कोमेजून परत उभं राहणार नाही, इतक्या सुकलेल्या मातीच्या पोकळ्यांमधली हवासुद्धा जवळपास ९९ टक्के दमट असते. अंडी उबवायला योग्य अशा ओल्या माध्यमात ती ९९.९ च्या आसपास असते. म्हणजे ‘अंड्यासाठी मारक कोरडं’ आणि ‘अंड्यासाठी उत्तम’ यांतला फरक एका टक्क्याच्या आत मावतो. बाजारात मिळणारे साधे डिजिटल हायग्रोमीटर पाच-पाच टक्क्यांनी चुकतात, आणि नव्वदीच्या वर, सेन्सरवर दव जमलं की, काहीही दाखवतात. जो फरक महत्त्वाचा आहे तो या उपकरणाला दिसूच शकत नाही.

मग मीटर फेकून द्यायचा का? नाही, त्याचा एक उपयोग राहतो. बंद डब्यात ओलं माध्यम असूनही आकडा ९० च्या खाली असेल तर डबा गळतोय हे नक्की. इथे सत्तर दिसत होते तेव्हा खरी बातमी तीच होती: वीस भोकं आणि पंखा. त्यावर उत्तर म्हणून फवारा मारणं म्हणजे मूळ कारण तसंच ठेवून अंडी भिजवणं. मीटर मुळात बरोबर दाखवतो का, हे तपासायचं असेल तर बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घेऊन त्यात खिरीइतपत ओल येईल एवढंच पाणी टाका, बूच आणि मीटर एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. मीटर जितकं कमी-जास्त दाखवेल तितकी त्याची चूक.

भोकांचाही हिशेब करता येतो. मेमध्ये खोलीतली हवा ३३ अंश आणि ३० टक्के दमट धरली तर ५ मिलिमीटरच्या एका भोकातून, वारा अजिबात नसतानाही, दिवसाला साधारण ०.१५ ग्रॅम पाणी बाष्प होऊन जातं. वीस भोकांचे दिवसाला ३ ग्रॅम, महिन्याचे ९०. वर पंखा असेल तर याहून बरंच जास्त. याउलट, आठवड्यातून एकदा झाकण उघडून आतली सगळी तीन लिटर हवा बदलली तरी ०.१ ग्रॅमसुद्धा पाणी जात नाही. म्हणून झाकण उघडायला घाबरू नका. भोकांना घाबरा.

नव्याने मांडणी

नवव्या दिवशी सगळं बदललं. माध्यम म्हणून जाड दाण्याचं व्हर्मिक्युलाइट घेतलं. मोठ्या रोपवाटिकांत आणि बागकामाच्या दुकानांत ते मिळतं. हे अभ्रकाच्या जातीचं खनिज भट्टीत फुलवलेलं असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी राहतं आणि दाण्यांमध्ये हवा राहते, नेमकं वाळूला जे जमत नाही तेच. परलाइट हे तसंच फुलवलेलं हलकं खनिजही चालतं. कोकोपीटच वापरायचं असेल तर तीन-चार पाण्यांतून धुऊन, घट्ट पिळून घ्यावं.

पाण्याचं प्रमाण वजनाने घ्यायचं: ३५० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला ३५० ग्रॅम पाणी. इथे एक चूक वारंवार होते. ‘एकास एक’ हे प्रमाण ऐकून लोक एक वाटी व्हर्मिक्युलाइटला एक वाटी पाणी घालतात. व्हर्मिक्युलाइट इतकं हलकं आहे की एका लिटरचं वजन जेमतेम १०० ग्रॅम भरतं. लिटरभर पाणी घातलं म्हणजे वजनाने एकास दहा झालं, आणि अंडी दलदलीत गेली. काटा नसेल तेव्हा मुठीची परीक्षा: घट्ट दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांच्या फटीत फार तर एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. पण काटा घ्याच. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोचा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. पुढचं सगळं काम त्याच्यावरच चालणार आहे.

पाणी उकळून गार केलेलं किंवा आरओचं. मिसळल्यावर लगेच अंडी ठेवू नयेत. झाकण लावून चार-पाच तास तसंच राहू द्यावं, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते.

डबा पुन्हा सात लिटरचाच, पण घट्ट झाकणाचा. दोन समोरासमोरच्या बाजूंना वरच्या कडेशी २ मिलिमीटरचं एकेक भोक आणि त्यावर मलमलीचा तुकडा चिकटवलेला. मलमल वाऱ्यासाठी नसून माश्यांसाठी आहे. कुबड असलेल्या बारीक माश्या खराब अंड्याच्या वासाने येतात, त्यावर अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या मग शेजारच्या चांगल्या अंड्यातही शिरतात.

पुंजका हलवताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. पहिली, कुठलंही अंडं फिरवायचं नाही. सापाचं अंडं घातलं जातं तेव्हाच आत गर्भ बराच वाढलेला असतो आणि लवकरच तो आणि त्याची आवरणं कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतात. पक्ष्याच्या अंड्यात बलक फिरता ठेवणारे दोर असतात, इथे ते नाहीत. अंडं उलटलं तर बलकाचं ओझं गर्भावर येतं. म्हणून सापडल्याक्षणीच प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलने बारीक फुली मारून क्रमांक घालून ठेवावा. दुसरी, चिकटलेली अंडी सुटी करायची नाहीत. ओढताना कवच फाटतं. पुंजका आहे तसा उचलायचा.

उचलण्यासाठी प्लास्टिकच्या जाळीचा, खिडकीला लावतात तसल्या, एक चौकोनी तुकडा कापून पुंजक्याखाली घेतला आणि जाळीसकट त्याला व्हर्मिक्युलाइटच्या खळग्यात बसवलं. अंडी निम्मी रुतलेली, निम्मी उघडी. जाळीतून ओल लागते आणि नंतर वजन करताना चार टोकं धरून सगळा पुंजका न फिरवता उचलता येतो.

टॉर्चने तपासणी तेव्हाच झाली. अंधाऱ्या खोलीत एलईडी टॉर्च अंड्याला बाजूने टेकवायचा, दोन-तीन सेकंद पुरतात. लालसर शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत. एकसारखा पिवळा उजेड दिसला आणि शिरा नसल्या तर फळलेलं नाही किंवा मेलेलं. सुटं अंडं पिवळं निघालं, ते काढून टाकलं आणि नोंद केली. बुरशी आलेल्या अंड्यात शिरा धूसर होत्या. ते पुंजक्याच्या मधोमध चिकटलेलं असल्यामुळे तसंच ठेवलं, कोरड्या कापसाने बुरशी टिपून घेतली. हळद, डेटॉल, पोटॅशियम परमँगनेट असलं काहीही लावू नये. कवच सच्छिद्र आहे, लावलेलं आत जाऊ शकतं. बुरशी बहुतेक वेळा मेलेल्या अंड्यावर वाढते. शेजारचं निरोगी अंडं, ओल प्रमाणात असेल तर, तिला दाद देत नाही.

वजनाची वही

डबा आणि झाकण ४१० ग्रॅम, व्हर्मिक्युलाइट ३५०, पाणी ३५०, दहा अंड्यांचा पुंजका १७२. एकूण १,२८२ ग्रॅम. हा आकडा डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवला.

या एका आकड्यात फार सोय आहे. पाणी व्हर्मिक्युलाइटमधून अंड्यात गेलं तर एकूण वजन बदलत नाही, कारण ते डब्यातच राहिलं. एकूण वजन घटतं ते फक्त पाणी डब्याबाहेर गेल्यावर. म्हणून दर आठवड्याला डबा काट्यावर ठेवायचा आणि जेवढे ग्रॅम कमी तेवढे मिलिलिटर पाणी घालायचं. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. अंदाज नाही, फवारा नाही. पाणी डब्यातल्या अंड्यांइतकंच कोमट असावं आणि सुई काढलेल्या सिरिंजने चारही कोपऱ्यांत, तळाशी सोडावं. अंड्यांवर थेंबही पडू नये. पाण्याचा पातळ थर कवचावर बसला की तिथली भोकं बंद होतात. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू सरकतो, त्यामुळे सतत ओली राहिलेली अंडी गुदमरतात. या डब्यात पहिल्या आठवड्यात घट दोनच ग्रॅम झाली, म्हणून पाणी घातलंच नाही. दहा ग्रॅमपर्यंत घट झाल्याशिवाय हात लावायची गरज नसते.

पुंजक्याचं वजन वेगळं, एक-दोन आठवड्यांतून एकदाच:

२९ मे: १७२ ग्रॅम
५ जून: १८६
१९ जून: २०३
३ जुलै: २१३
१२ जुलै: २१०

पहिल्या आठवड्यातली वाढ सगळ्यात जास्त आहे, कारण सुकलेली अंडी गेलेलं पाणी भरून काढत होती. चार-पाच दिवसांत खळगे भरून आले. त्यानंतर वाढ सावकाश झाली. एकूण सुमारे २४ टक्के. अंड्यांनी ४१ ग्रॅम पाणी घेतलं तेव्हा व्हर्मिक्युलाइटमध्ये ३०९ ग्रॅम उरलं, म्हणजे प्रमाण वजनाने एकास ०.८८. हे अजूनही चांगल्या टप्प्यात आहे, वेगळी भर घालावी लागली नाही.

वाढीचा वेग वाचायला शिकलं पाहिजे. अंडं फुगून ताणलेलं, चकचकीत दिसायला लागलं, कवचावर घामासारखे थेंब आले, तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी झाकण दिवसातून एक-दोन तास किलकिलं ठेवून डब्याचं एकूण वजन २०-३० ग्रॅमने उतरवायचं. वजन वाढतच नसेल आणि खळगे पडत असतील तर उलट. पण खळगा म्हणजे पाणी कमी, हे समीकरण नेहमी खरं नसतं. उबवणीच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत निरोगी अंडीही किंचित आक्रसतात, वरच्या नोंदीतला शेवटचा आकडा त्याचाच आहे. त्या वेळी घाबरून पाणी ओतलं तर तयार झालेली पिल्लं दारातच बुडतात. एखादंच अंडं खचलं, पिवळं पडलं आणि वास आला तर ते मेलेलं आहे, त्याला पाणी देऊन उपयोग नाही. आणि सगळीच एकदम खचली तर आधी थर्मामीटर बघा.

तापमान म्हणजेही पाणीच

दमटपणा सांभाळताना तापमान विसरता येत नाही, कारण डब्यात पाणी कुठे जमणार हे तापमानच ठरवतं. आतली हवा जवळजवळ पूर्ण दमट असल्यामुळे झाकण आतल्यापेक्षा अर्धा अंश जरी गार असलं तरी त्यावर थेंब जमतात. तळाला उष्णता देणारा पॅड किंवा बल्ब लावला की हे भयंकर वाढतं: तळातलं पाणी वाफ होऊन वर जातं, झाकणावर थेंब होतात, ते अंड्यांवर टपटपतात, आणि तळाचं माध्यम कोरडं होत जातं. एकूण वजन मात्र जागच्या जागी राहतं, त्यामुळे काटाही हे सांगत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात गरम करण्याची गरजच नसते, गार ठेवण्याची असते. या घरात दुपारी हॉलचं तापमान ३५ पर्यंत जायचं. अंडी २८ ते ३० अंशांत ठेवायची होती, ३२ च्या वर फार वेळ राहू द्यायची नव्हती. डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर, जाड थर्माकोलच्या खोक्यात ठेवला. औषधांच्या दुकानात असे खोके मिळतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. दुपारी बारा वाजता एक बाटली माठातल्या पाण्याची ठेवायची. बर्फ नाही. बर्फाने डब्याची एक बाजू गार होते आणि पाणी तिकडे धावतं. वायरवाल्या थर्मामीटरचं टोक अंड्यांच्या पातळीला ठेवलं होतं. दिवसातलं कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा घ्यावा, कारण आपण बघतो तेव्हा तापमान बहुधा ठीकच असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि सगळं उलटलं. चार दिवसांत खोली ३३ वरून २७ वर आली, बाहेरची आर्द्रता ८० च्या पुढे. आता डब्याबाहेर पाणी जवळजवळ जातच नव्हतं, आठवड्याची घट एक ग्रॅमवर आली. मे महिन्यात लागलेली सवय नेमकी इथे घात करते. दर आठवड्याला ठरावीक २० मिलिलिटर घालत राहिलं असतं तर जुलैच्या मध्यापर्यंत १०० ग्रॅम जादा पाणी डब्यात साचलं असतं. मेमध्ये सुकलेली आणि जुलैमध्ये बुडालेली अंडी एकाच डब्यात, एकाच माणसाच्या चांगल्या हेतूने होतात. काट्याने ती चूक होऊ दिली नाही, कारण घट नाही तर पाणी नाही, एवढाच नियम होता.

पावसाळ्यातला खरा त्रास थेंबांचा. रात्री खोली गार झाली की झाकणाला आतून दव यायचं. थर्माकोलच्या खोक्यात झाकणावर घडी घातलेला टॉवेल ठेवला, म्हणजे झाकण सगळ्यात गार जागा राहिली नाही. डब्याच्या एका बाजूखाली पेन्सिल सरकवून तो किंचित तिरका केला, म्हणजे जे थेंब झाले ते घसरून उतरत्या कडेला गेले. मीटरपेक्षा ही पेन्सिल जास्त कामाची ठरते. २६-२७ अंशांना उबवणी लांबते, पण त्यासाठी बल्ब लावायची गरज नाही. धामणीची वाढ थांबत नाही, आणि सापांमध्ये तापमानावरून नर-मादी ठरत नाही. ते कासवांत आणि मगरीत होतं.

मुंग्यांबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण घरात उबवलेली अंडी त्यांच्यामुळेही जातात. परातीत दोन इंच पाणी, त्यात साबणाचा थेंब, मधोमध विटा, विटांवर थर्माकोलचा खोका, आणि खोका भिंतीला टेकलेला नाही. मुंग्यांचा खडू, डांबरगोळ्या, मच्छर कॉइल त्या खोलीत नको. खडूतलं कीटकनाशक हातावरून डब्यात जातं.

फुटण्याचे दिवस

धामणीच्या अंड्यांना साधारण दोन महिने लागतात, कमी तापमानात जास्त. इथे अंडी कधी घातली हे माहीत नव्हतं, म्हणून तारखेवर न जाता खुणांवर जायचं होतं. जुलैच्या सुरुवातीपासून झाकण एक दिवसाआड मिनिटभर उघडायला सुरुवात केली. पिल्लं पूर्ण वाढलेली असतात तेव्हा त्यांची ऑक्सिजनची गरज सगळ्यात जास्त असते, आणि दोन बारीक भोकं त्या दिवसांत पुरत नाहीत. आधी सांगितल्याप्रमाणे उघडण्याने पाणी फारसं जात नाही, त्यामुळे इथे कंजूषी करण्यात अर्थ नाही.

१५ जुलैला पहिल्या अंड्यावर चीर दिसली. पिल्लाच्या वरच्या ओठापुढे एक तात्पुरता दात असतो, त्याने ते कवच कापतं. मग नाकाडं बाहेर काढून एक-दीड दिवस तसंच बसून राहतं. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि फुप्फुसांनी श्वास घ्यायला लागतं. ओढून बाहेर काढलं तर नाळ तुटते, बलक बाहेर राहतो आणि पिल्लू रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने मरतं. डब्यात मात्र ओल टिकली पाहिजे. चीर पडल्यावर भोवतालची हवा कोरडी झाली तर आतला पांढरा चिकट द्रव सुकून गोंदासारखा होतो आणि पिल्लू कवचाला चिकटतं. याच टप्प्यावर लोक कुतूहलाने झाकण काढून, मोबाइल लावून तासन् तास बसतात. पावसाळी हवेत त्याने फार बिघडत नाही. मे महिन्यात किंवा एसी लावलेल्या खोलीत बिघडतं.

तीन दिवसांत आठ पिल्लं बाहेर आली. बुरशी आलेलं अंडं मधल्या काळात मेलं होतं. दहाव्याला चीर पडलीच नाही. शेवटच्या पिल्लानंतर पाच दिवस थांबून, टॉर्चखाली काहीच हालचाल न दिसल्यावर, ते वनरक्षकासमोर उघडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, बलक जवळपास तसाच बाहेर. हे अंडं पहिल्या नऊ दिवसांत सगळ्यात जास्त खचलेल्या चारांपैकी होतं. सुरुवातीच्या सुकण्याने त्याचा बळी घेतला असावा, पण एका अंड्यावरून हे छातीठोकपणे सांगता येत नाही. फुलीच्या क्रमांकावरून कुठलं अंडं कुठे होतं हे वहीत होतं, म्हणून निदान एवढं तरी म्हणता आलं.

पिल्लं स्वच्छ डब्यात ओल्या, पिळलेल्या सुती फडक्यावर ठेवली, वाटीत उथळ पाणी. पोटात बलक असल्यामुळे त्यांना लगेच खायला लागत नाही आणि भरवायचा प्रयत्नही करू नये. वनरक्षकाच्या उपस्थितीत, पंचनाम्यात नोंदवलेल्या जागेपासून जवळच्या ओढ्याकाठी, झुडपं आणि दगडांचे ढीग असलेल्या जागी, संध्याकाळी, एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून ती सोडली. वापरलेलं व्हर्मिक्युलाइट पुन्हा वापरायचं नाही, त्यात बुरशीचे बीजाणू राहतात. ते बागेत टाकलं, आणि डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवला.